चौथ्या पानावरची चौकट

"आधी मेल्यांचा वाच," द्वारकाबाय म्हणाली. "जिते खय पळतत?"

मी पालथ्या पाटीवर बसलो होतो आणि माझ्यासमोर वेळवणच्या किनाऱ्यावरचे ते खळे पसरले होते. चिरलेले, मिठात मुरवलेले बांगडे ओळीने मांडलेले, पलीकडे जुन्या जाळ्यांवर गोलमो, म्हणजे बारीक सुकट, वाळत घातलेली. चाळीसएक बायका वाकून मासळी उलटत होत्या. मी तिसरे पान उघडले आणि निधनवार्ता वाचू लागलो, तशा सगळ्यांचे हात थांबले. तो त्यांचा नियम होता. मेलेल्यांची नावे वाचून होईपर्यंत कोणीही मासळीला हात लावायचा नाही. नंतर नगरपरिषदेच्या बातम्या, आणि त्यानंतर उरलेले सगळे, जाहिरातींसह.

साप्ताहिक 'वेळवण वृत्त' शुक्रवारी छापून होई आणि शनिवारी सकाळी मी ते सायकलवरून गावात वाटत असे. बातम्या मी लिहायचो, खिळे मी जुळवायचो, ट्रेडल छपाईयंत्रही मीच चालवायचो. मालक आणि संपादक बापूसाहेब ठोसर, बाकी सर्व काही मी. बी. ए. होऊन दोन वर्षे झाली होती आणि दुसरी नोकरी मिळत नव्हती. शेवटचा अंक खळ्यावर वाचून दाखवायचा, ही प्रथा माझ्या आधीपासूनची. त्या चाळीस जणींत अक्षर ओळखणारी एकही नव्हती. वाचून झाले की द्वारकाबाय कालच्या रद्दीत चार सुके बांगडे गुंडाळून माझ्या सायकलला अडकवी.

त्या दिवशी निधनवार्ता संपल्यावर तिने विचारले, "आमच्या खळ्याचा काय ईला हा?"

"खळ्याचं काय?"

"परवा माणसा इली. टेप लावून मोजून गेली. कित्याक म्हणान इचारला तर म्हणतत, पेपरात येतला."

"येतला तेवा कोकणचो राजा होतलस गे तू," शेवंती म्हणाली. शेवंती म्हणजे द्वारकाबायची जाऊ. तिच्या जिभेला गावात सगळे भीत. "तुझ्या नावान सोन्याचा सिंहासन करतले, बांगडे ठेवूक."

बायका हसल्या. द्वारकाबाय हसली नाही. "माझ्या आवशीन ही जमीन चोपली," ती म्हणाली. "शेणान सारवून सारवून दगडासारखी केल्यान. हयसरना उठवला तर वाळवतलव खय? रस्त्यार?"

मी म्हणालो, "काकी, खळ्याबद्दल एक ओळ जरी आली, तरी पहिली तुम्हांला वाचून दाखवीन."

"बघ हां झिला. आमचे डोळे तूच."

पुढच्या मंगळवारी तिची आवस, म्हणजे आई, जानकी वारली. ऐंशीच्या पुढची होती. बुधवारी द्वारकाबाय आईचा एकुलता एक फोटो पदराखाली झाकून छापखान्यात आली. जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला, पाठीमागे रंगवलेला ताजमहाल. छपाईसाठी ब्लॉक करावा लागे. मी तालुक्याला जाऊन गुरुवारी तो करून आणला आणि बापूसाहेबांना न विचारता तिसऱ्या पानावर फोटोसह बातमीची जागा राखली. त्यात मला समाधान वाटले होते, हे नमूद केले पाहिजे. आपण चांगला माणूस आहोत अशी माझी तेव्हा खात्री होती.

शुक्रवारी दुपारी बापूसाहेबांनी मला घरात बोलावले. छापखाना त्यांच्या घराच्या पडवीत होता. आत मुख्याधिकारी गाडेकर जेवायला बसले होते. घाटावरून बदलून आलेला हा गृहस्थ. खिशात अत्तर लावलेला रुमाल असे आणि बंदराकडच्या रस्त्याने जाताना तो नाकाला लागे. आता तो रुमाल मांडीवर होता आणि गाडेकर बोटांनी गोलम्याची किसमूर, ती खोबरे घातलेली सुकी कोशिंबीर, भाताबरोबर कालवत होते. तिखटाने त्यांचे नाक वाहत होते.

"वहिनी, आणखी थोडी. हे मात्र आमच्याकडे मिळत नाही," ते म्हणाले आणि मला पाहून पुढे म्हणाले, "काय हो, तुम्ही तिथे बसता तरी कसे? त्या घाणीत? परवा कलेक्टरसाहेबांची गाडी जात होती, काचा वर करायला लागल्या. लाज वाटली मला."

बापूसाहेबांनी माझ्या हातात एक टंकलिखित कागद दिला. वेळवण नगरपरिषदेची जाहीर सूचना होती. बंदराजवळची जागा 'सागरतीर उद्यान' या प्रयोजनासाठी राखून ठेवण्याचे योजिले असून, कोणाची हरकत असल्यास त्यांनी ती तीस दिवसांच्या आत लेखी सादर करावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.

"मुकुंदा, नीट ऐक," बापूसाहेब म्हणाले. "चौथ्या पानावर ही चौकट लाव. पंचवीस प्रती काढ आणि यंत्र थांबव. मग चौकट काढून तिथे नगराध्यक्षांच्या घरचं हळदीकुंकू बसव. ओळी मोजून घे. जागा तंतोतंत सारखी यायला हवी."

"पंचवीसच?"

"दहा नगरपरिषदेला, पाच जिल्ह्याला, बाकीच्या फायलीला. कायद्याला किती लागतात?"

गाडेकरांनी घास गिळला. "कायद्यात 'स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध करावी' एवढंच आहे. किती प्रतींत, ते कुठे म्हटलंय?" आणि ते हसले. त्यांच्या दातांत सुकटीचा एक तांबूस पाय अडकला होता. ते हसत राहिले आणि मी त्या पायाकडे पाहत राहिलो.

"पण त्या बायका..." मी म्हणालो.

"त्यांना वाचता येतं?"

"नाही."

"मग छापलं काय आणि न छापलं काय."

"हाच वाचून दाखवतो त्यांना," बापूसाहेब म्हणाले.

"असं होय!" गाडेकरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले. "मग तर काळजीच नाही. मुकुंदराव, नगरपरिषदेच्या शाळेत जूनपासून एक जागा रिकामी होतेय. तुमचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे ना? बी. ए. माणूस खिळे जुळवत बसलेला बघवत नाही हो."

वहिनींनी मला विचारले, "जेवलास का रे?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

नोटीस बावीस ओळींची झाली. हळदीकुंकवाची बातमी बापूसाहेबांनी लिहून दिली होती, ती पंधरा ओळींतच संपत होती. सात ओळी भरायच्या होत्या. मी 'समारंभास पुढील सुवासिनी आवर्जून उपस्थित होत्या' असे वाक्य घातले आणि नावे भरू लागलो. सौ. कुमुदिनीताई, सौ. नलिनीताई, सौ. वत्सलाताई, सौ. प्रमिलाताई. आठवतील तेवढ्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या, व्यापाऱ्यांच्या बायका. शेवटच्या ओळीत एका नावाची जागा उरली, तिथे पोस्टमास्तरांची पत्नी सौ. कुसुमताई बसली. ती त्या महिन्यात माहेरी गेलेली होती. पण ओळी बरोबर बावीस झाल्या.

पंचवीस प्रती काढल्या. यंत्र थांबवले. चौकटीच्या जुळवलेल्या खिळ्यांची, दोरीने बांधलेली शिशाची ती वीट दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली. हाताच्या तळव्याएवढी होती, पण जड. तिच्या जागी हळदीकुंकू ठेवले, हातोडीने ठोकून बसवले आणि पुढच्या सहाशे प्रती काढल्या. मग रॉकेलने हात धुतले. यात अर्धा तास गेला असेल. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी दारात उभे नव्हते. ती पंचवीस आणि सहाशे मला मागाहून किती वेळा दिसली आहेत, पण त्या वेळी माझ्या मनात फक्त एकच काळजी होती: जागा सारखी येते आहे की नाही.

शनिवारी खळ्यावर मी जानकीची बातमी वाचली. सगळ्या उभ्या राहिल्या. द्वारकाबायने ती पुन्हा वाचायला लावली, मग अंक हातात घेऊन फोटोवर बोट ठेवले. "ताजमाल कापलस तू?"

"ब्लॉकमध्ये बसेना, काकी."

"बरा केलस. आवस कधी तालुक्याक पण गेली नाय, ताजमालाक खय जातली?" तिने डोळे पुसले. "आता नगरपालिकेचा वाच. खळ्याचा काय ईला?"

"नाही," मी म्हणालो.

तो शब्द इतका सहज आला की माझे मलाच काही कळले नाही. मी चौथे पान उलटले आणि हळदीकुंकू वाचू लागलो.

"वाण काय दिलानी?" एकीने विचारले.

"स्टीलचे डबे."

"आणि आमका बोलवक नाय ता?" शेवंती ओरडली. "आमी काय सुवासिनी नाय? येक सुको बांगडो घेवन गेलंय असतंय, अत्तरदाणीत घालूक!"

हशा पिकला. मी एकेक नाव वाचत गेलो आणि शेवंती प्रत्येक नावाला नाक मुरडून एकेक नमस्कार घालत गेली. कुसुमताई आली तशी म्हणाली, "आणि ही कोण कडेक, शेपटासारखी?" मीही हसलो. द्वारकाबायने तो अंक रद्दीत टाकला नाही. "ह्यो आवशीचो," म्हणून घडी घालून कमरेला खोवला.

तीस दिवस गेले. मग आणखी दहा. एका सकाळी खळ्याच्या कडेच्या माडावर कागद चिकटवलेला दिसला. सात दिवसांत जागा मोकळी करावी. तो कागद मी त्यांना वाचून दाखवला नाही. त्या दिवशी मी बंदराकडे गेलोच नाही. दुसऱ्या कोणीतरी वाचला.

सगळ्या बायका नगरपरिषदेवर गेल्या. शिपायाने तिघींनाच आत सोडले: द्वारकाबाय, शेवंती आणि तोंडातून शब्द न काढणारी एक म्हातारी. मला बापूसाहेबांनी आधीच आणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवले होते. गाडेकरांच्या दालनात उदबत्ती लावलेली होती. बायका येणार म्हणून शिपायाने दोन जास्त लावल्या होत्या.

"बाई, आम्ही रीतसर नोटीस दिली होती," गाडेकर म्हणाले. आवाज अतिशय मृदू होता. "तुमच्याच गावच्या पेपरात. तीस दिवस थांबलो. एकही हरकत आली नाही. आता मी काय करू?" त्यांनी फायलीतून अंक काढून टेबलावर पसरला आणि चौकटीवर बोट ठेवले.

द्वारकाबाय वाकली. अक्षरे तिला कळत नव्हती, पण पान उलटल्यावर फोटो दिसला. "ह्यो तर आवशीचो पेपर," ती म्हणाली. "ह्यो आमी आयकलव. ह्याच्यात खळ्याचा काय नव्हता. हयसर हळदीकुंकू होता."

"कसलं हळदीकुंकू?"

"कुमुदिनीताई, नलिनीताई, वत्सलाताई..." ती सलग नावे म्हणत गेली. एकदा ऐकलेले तिच्या डोक्यातून पुसले जात नसे. वाचता न येणाऱ्या माणसाला विसरून चालत नाही. मग तिने कमरेची पिशवी सोडून प्लास्टिकमध्ये ठेवलेला तो अंक काढला आणि गाडेकरांच्या अंकाशेजारी ठेवला. "ह्यो बघा. माझो. दोनांत काय फरक असा ता झील सांगात. तोच छापता."

ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. एवढेच होते की आता साक्षीदार बोलेल आणि गोष्ट मिटेल.

बापूसाहेब खिडकीबाहेर पाहू लागले. गाडेकर म्हणाले, "हो, मुकुंदराव. तुम्हीच सांगा."

टेबलावर दोन अंक शेजारी शेजारी होते. एकच तारीख, एकच जानकी, आणि चौथ्या पानावर एकाच मापाच्या दोन चौकटी. मी उठून दोन्ही अंक हातांत घेतले, जणू मला तपासायचेच होते. मग म्हणालो, "काकी, हा तुमच्याकडचा कच्चा अंक आहे. छापताना चाचणीचा काढतो तसा. नंतर नोटीस आली म्हणून ती चौकट बदलली. त्या सकाळी घाईत मी तुमच्याकडे चुकून कच्चाच आणला. चूक माझी आहे."

उदबत्तीच्या राखेचा एक तुकडा टेबलाच्या काचेवर पडला, तो गाडेकरांनी करंगळीने बाजूला केला.

"मेल्या!" शेवंती माझ्या अंगावर आली. "तुझी चूक, आणि आमचा खळा? तुझ्या आवशीन..."

"गप ऱ्हव गे," द्वारकाबाय म्हणाली. तिने शेवंतीचा दंड धरला. "चुकलो तो. माणूस चुकता. आपणहून सांगता तरी." आणि मला म्हणाली, "तू बस. पाणी पी."

गाडेकरांनी शिपायाला पाणी आणायला सांगितले. मी प्यालो. पाणी गोड लागले होते, हे आजही आठवते.

जाता जाता ती दारात थांबली. "म्हंजे माझ्याकडचो खोटो. मगे आवशीचो फोटो पण खोट्या पेपरातच रवलो?"

"नाही, खऱ्या अंकातही आहे," मी म्हणालो.

"तर माका पक्को दी. कच्चो घेवन काय करू? आवस काय कच्ची मेली?"

गाडेकर उदार हसले. पंचवीस प्रतींतली एक त्यांनी स्वतःच्या हाताने तिला दिली. तिने ती कपाळाला लावली, प्लास्टिकमध्ये घातली आणि जुना अंक माझ्या हातात ठेवला.

तिची जमीन काढून घेणारा कागद ती नमस्कार करून घरी घेऊन गेली. सहाशे घरांत दुसरा अंक पोचला होता. खळ्यावर बुलडोझर फिरला तेव्हा त्या सहाशे घरांतला एकही माणूस आपला अंक घेऊन पुढे आला नाही. गावाला वास नकोसा झाला होता. मासळी मात्र सगळ्यांना हवी होती. ती पुढे रस्त्याच्या कडेला, गाड्यांच्या धुळीत वाळू लागली, आणि ज्यांना तेही जमेना त्या गोव्याच्या जेट्टीवर मजुरीला गेल्या. शेवंती तिकडेच वारली. उद्यानात एक कारंजे बांधले, त्यात पाणी कधी आले नाही.

जूनमध्ये मी नगरपरिषदेच्या शाळेत रुजू झालो. शिक्षक, मग मुख्याध्यापक. दर कार्तिकात द्वारकाबाय नातवाच्या हाती शाळेत चार सुके बांगडे पाठवी. मी ते कधी खाल्ले नाहीत आणि कधी परतही पाठवले नाहीत. शाळेमागच्या भिंतीवरून टाकून देत असे. तिथली मांजरे लगेच त्यांवर तुटून पडत.

निवृत्त झालो त्या वर्षी तिने बोलावणे धाडले. घराला रंग लावताना आईच्या फोटोची चौकट पडून काच फुटली होती. तिचे डोळे आता अगदी गेले होते. ती ओसरीवर बसून होती. समोर कपात माझ्यासाठी चहा ओतलेला.

"नवी काच घालूची असा," ती म्हणाली. "त्याच्या आदी एकदा वाच. लय वर्सा झाली आयकान."

काच फुटलेली असल्याने कागद मोकळाच हातात आला. तिने फोटोसकट बातमी तेवढी कापून चौकटीत घातली होती. मी वाचली. 'येथील कष्टाळू व प्रेमळ वृद्धा श्रीमती जानकी यांचे मंगळवारी अल्पशा आजाराने निधन झाले.' तिने हात जोडले. मग म्हणाली, "पाठीक काय असा?"

"काय?"

"कागदाक पाठ असता मा? तिकडे काय छापलेला असा?"

मी कागद उलटला. पिवळट पडलेल्या त्या तळहाताएवढ्या तुकड्यावर, डाव्या कडेच्या दोन-दोन अक्षरांखेरीज, नोटिशीची सगळी चौकट शाबूत होती. कोणाची हरकत असल्यास. तीस दिवसांच्या आत. मुदतीनंतर आलेल्या.

"हळदीकुंकू," मी म्हणालो.

म्हटल्यावर मला कळले मी काय म्हणालो ते. हळदीकुंकू कच्च्या अंकात होते. हा तुकडा गाडेकरांनी दिलेल्या पक्क्या अंकातला.

द्वारकाबायने मान माझ्याकडे वळवली.

"ह्यो पक्को ना रे?" तिने विचारले.

रस्त्यावरून एक टेम्पो गेला आणि ओसरीवर धूळ आली.

"वाच मगे," ती म्हणाली. "हळदीकुंकू वाच. सगळा."

"काकी..."

"वाच म्हणतंय ना."

मी तो कागद डोळ्यांपुढे धरला. नोटिशीची पहिली ओळ समोर होती आणि मी नगराध्यक्षांच्या निवासस्थानी उत्साहात पार पडलेला समारंभ वाचू लागलो. त्याच आवाजात, जो आवाज मी खळ्यावर लावत असे. मला सगळे आठवत होते. स्टीलचे डबे, तिळगूळ, आवर्जून उपस्थित असलेल्या सुवासिनी. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. कुमुदिनीताई, नलिनीताई, वत्सलाताई, प्रमिलाताई. नावे संपली असे वाटून मी थांबलो आणि कागद खाली ठेवला.

तिने हात पुढे करून चाचपडत तो माझ्याकडून काढून घेतला.

"कुसुमताई रवली," ती म्हणाली.